सहा वर्षांखालील मूल आणि कायद्यातले ‘करू शकेल’

डोंगरपायथा

एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून माझी बहुतेक नोकरी डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवर गेली. एका बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या भागात, पंचवीसेक अंगणवाड्या असत आणि त्यांतल्या निम्म्यांपर्यंत पावसाळ्यात पायीच जावे लागे. परवा घर आवरताना भेटींच्या जुन्या नोंदवह्या सापडल्या आणि त्यांत माझ्याच अक्षरातला एक शब्द पानोपानी दिसला: ‘स्थलांतरित’. चर्चेचा हा धागा त्या शब्दावरून काढत आहे.

दिवाळी झाली की पाड्यांवरची कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, होळीला जमल्यास घरी एक फेरी मारतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तीन-चार वर्षांचे मूल त्यांच्याबरोबर जाते, कारण ते मागे ठेवायला घरात कोणी नसते. हजेरीपटावर त्याच्या नावासमोर ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला, की त्याचे वजन, त्याचा आहार आणि त्याचे शाळापूर्व शिक्षण यांपैकी कशाचाही जाब त्या महिन्यापुरता आम्हाला कोणी विचारत नसे. शेरा खोटा नव्हता. परंतु ज्या भट्टीवर ते मूल पोचले होते, तिथल्या अंगणवाडीच्या पटावरही त्याचे नाव नसे, आणि वर्षातले सहा महिने ते कोणत्याच पटावर नाही, ही गोष्ट कळत असूनही मी तो शेरा वर्षानुवर्षे तपासून खाली सही करत राहिले.

त्या काळात एखाद्या बापाने मला विचारले असते की माझ्या पोराचा हक्क कुठे गेला, तर त्याला दाखवायला माझ्याजवळ कोणते कलम होते, हे मी निवृत्तीनंतर शोधले. घटनेच्या मूळ अनुच्छेद 45 मध्ये, राज्याने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले होते. तिथे खालची वयोमर्यादा नव्हती. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, तेव्हाही ती नव्हती. ती आली 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने. नव्या अनुच्छेद 21-क ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना हक्क दिला आणि सहाच्या खालची मुले अनुच्छेद 45 मध्येच, ‘राज्य प्रयत्न करील’ या शब्दांच्या आसऱ्याला ठेवली. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 11 चा आशय असा, की तीन वर्षांवरील बालकांना प्राथमिक शिक्षणासाठी तयार करण्याकरिता आणि सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्वांचे संगोपन व शिक्षण व्हावे याकरिता शासन मोफत शाळापूर्व शिक्षणाची आवश्यक ती व्यवस्था करू शकेल. ‘करील’ असे तिथे म्हटलेले नाही.

याउलट 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळालाच पाहिजे, असे ठरवले आहे आणि तीन ते सहा वयोगटासाठी मूळ कायद्यात 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने इतके मोजमापही लिहून ठेवले होते. म्हणजे त्याच खोलीत, त्याच बाईच्या हातून मिळणारी खिचडी हा मुलाचा हक्क, आणि खिचडीच्या आधीचा तास दीड तास, म्हणजे गोष्ट, गाणे, ठोकळे, मातीकाम, ही मात्र शासनाची मर्जी. आमच्या तपासणीतही तेच उतरले होते. तांदूळ किती शिल्लक आहे, हे मी दर भेटीला पाहत असे. आज कोणती गोष्ट सांगितली, हे विचारल्याचे मला फारसे आठवत नाही.

हे सारे ज्या भागात घडत होते, तिथेच अंगणवाडीची कल्पना जन्मली, ही गोष्ट मला जास्त बोचते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती शिक्षणसंस्थेत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुले बालवाडीच्या इमारतीपर्यंत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाही कुरणात गेली. मूल जिथे आहे तिथे शिक्षण जाईल, एवढाच त्यामागचा विचार होता. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशभरातल्या 33 प्रकल्पांत शासनाची योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव तिने उचलले. नावामागचे चालणे मात्र ‘स्थलांतरित’ या शेऱ्यापाशी थांबले.

एक प्रसंग सांगून थांबते. एका पाड्यावर भिंतीला मुळाक्षरांचा तक्ता लावलेला होता. सेविका नव्याने आलेली, प्रमाण मराठी बोलणारी. मुले वारली बोलणारी. ‘अ अननसाचा’ या चित्रावर तिने छडी ठेवून एका मुलाला विचारले, तर तो म्हणाला, ‘ताड’. तिने ‘चूक’ म्हटले आणि पुढच्या चित्राकडे वळली. दारात तांदूळ निवडत बसलेली मदतनीस त्याच पाड्यावरची होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘बाई, वरचा शेंडा बघा ना, ताडासारखाच हाय.’ त्या मुलाने जन्मात अननस पाहिलेला नव्हता. त्याने माहीत असलेल्या झाडावरून अनोळखी वस्तू ओळखण्याचा प्रयत्न केला होता, म्हणजे चार वर्षांच्या मुलाने जे करावे अशी आपली अपेक्षा असते, नेमके तेच केले होते, आणि ते ओळखणारी एकमेव व्यक्ती पटावर शिक्षिका म्हणून नोंदलेली नव्हती.

माझा प्रश्न असा आहे: सहा वर्षांखालील मुलाचे शिक्षण हा हक्क म्हणून कायद्यात यावा का, आणि यायचा तर कोणत्या रूपात?

पाचवा मजला

लेख मनापासून लिहिला आहे, पण मला मूळ मागणीच पटत नाही. तीन वर्षांच्या मुलाची जागा घरात, आजी-आजोबांजवळ आहे. आम्ही कोणीही बालवाडीत गेलो नव्हतो आणि आमचे काही बिघडले नाही. प्रत्येक गोष्ट हक्क म्हणून लिहायची आणि मग करदात्याकडे पाहायचे, ही सवय वाढत चालली आहे.

डोंगरपायथा

आपल्या घरी आजी होती, हीच आपली बालवाडी होती. तिने गोष्टी सांगितल्या, निवडायला धान्य दिले, चुकलेला शब्द न हिणवता दुरुस्त केला. ज्यांच्या घरी हे आहे, त्यांच्या मुलाला अंगणवाडीत ओढून न्यावे, असे माझे म्हणणे नाही. मी सांगते आहे त्या घरातली आई पहाटे तीनला विटा थापायला बसते, कारण ऊन चढल्यावर ते काम होत नाही, आणि आजी असलीच तर तीही शेजारी बसून विटा उलटत असते. मूल तिथेच चिखलाच्या कडेला झोपलेले असते. त्या मुलाची ‘जागा घरात’ म्हणायची, तर ते घर म्हणजे कच्च्या विटा रचून वर गवत टाकलेली झोपडी. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने याच मुलांसाठी भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या होत्या. त्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून ते नाव पडले.

कलम-दवात

वकिली करतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो. त्यांतली पहिली दुरुस्ती आहे.

‘शासनाची मर्जी’ हा शब्द थोडा अधिक झाला. अन्नाच्या हक्काच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 पासून एकामागून एक अंतरिम आदेश दिले. त्यांतल्या 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात अंगणवाडी योजनेचे सार्वत्रिकीकरण म्हणजे काय, हे स्पष्ट केले आहे: सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाला पूरक आहार, वाढीची देखरेख, लसीकरण, संदर्भ सेवा (गरज पडल्यास दवाखान्याकडे पाठवणे) आणि शाळापूर्व शिक्षण, या सर्व सेवा मिळाल्या पाहिजेत. त्याच आदेशात, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळण्याचा हक्क ग्रामीण वस्त्यांना आणि झोपडपट्ट्यांना दिला आहे. मागणीनुसार अंगणवाडी ही तरतूद पुढे योजनेच्या निकषांतही आली. गंमत अशी, की ती वापरल्याचे उदाहरण मला माझ्या तालुक्यात एकही सापडत नाही.

दुसरी गोष्ट 25 टक्के जागांची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12(1)(ग) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गात किमान एक चतुर्थांश जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या असतात, आणि शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर ही अट त्या वर्गांनाही लागू होते. सहा वर्षांखालील मुलाला या कायद्याने ठामपणे काही दिले असेल तर ते येथे आहे, आणि तेही खासगी शाळेच्या दारातून. महाराष्ट्रात 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने नियम बदलले आणि एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून मोकळे केले. शहरांत अशी शाळा जवळपास सर्वत्र असतेच, त्यामुळे तरतूद कागदावर राहून प्रत्यक्षात नाहीशी झाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी अधिसूचनेला स्थगिती दिली, 19 जुलै 2024 रोजी ती रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. या मधल्या महिन्यांत सोडतीची वाट पाहणारी मुले घरी बसली होती. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण जूनमध्ये वर्ग भरला तेव्हा ती त्यात नव्हती. चार वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दोन महिने किती मोठे असतात, याचा विचार अधिसूचना काढणाऱ्याने केलेला दिसत नाही.

बाळबोध

ठाण्यात दोन खोल्यांत बालवाडी चालवते, बावीस मुले आहेत. सर्वांच्या भावनांचा आदर ठेवून विरोधी सूर लावते.

आज शिक्षण हक्क कायदा जसा आहे, तसाच तो तीन वर्षांपर्यंत खाली ओढला, तर काय खाली येईल? इयत्ता, पाठ्यपुस्तक, निरीक्षण तक्ते आणि मूल्यमापनाचे रकाने. आमच्याकडे प्रवेश घेताना पालक पहिला प्रश्न विचारतात, ‘वहीत काय लिहून घेता?’ मी सांगते की मूल पाच वर्षांचे होईपर्यंत लिहून घेत नाही. बोटांची पकड तयार व्हावी म्हणून मणी ओवून घेते, कणीक मळून घेते, ओल्या फडक्याचे पिळे घालायला लावते. दरवर्षी तीन-चार पालक हे ऐकून नमस्कार करून निघून जातात आणि गल्लीच्या टोकाला जिथे साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज गृहपाठ मिळतो, तिथे जास्त पैसे भरतात. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी मान्यता दिली, त्याच्या अनुच्छेद 31 मध्ये खेळाचा आणि विश्रांतीचा हक्क स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. मला भीती वाटते, की शिक्षणाचा हक्क लिहिता लिहिता आपण हा हक्क पुसून टाकू.

मुलाखतींविषयीही एक सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकाची चाळणी लावण्यास मनाई केली आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही ‘संवाद’ किंवा ‘भेट’ या नावाखाली अडीच वर्षांच्या मुलाला रंग ओळखायला लावतात आणि आईला इंग्रजीत प्रश्न विचारतात, असे मला पालकांकडूनच कळते. आई अडखळली, तर फोन येत नाही.

डोंगरपायथा

आपला सूर मला विरोधी वाटत नाही. तक्त्यावरचा अननस हा तुमच्या गल्लीतल्या गृहपाठाचाच भाऊ आहे. हक्क लिहिताना पाटी आणि पुस्तक लिहू नये. मुलामागे प्रौढ किती, जागा किती, खेळायला काय, आणि भाषा कोणाची, हे लिहावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकसंध पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्याचीच भाषा आहे. धोरण म्हणजे कायदा नव्हे, एवढीच अडचण आहे. शिवाय एकसंध टप्प्याचा अर्थ पहिलीने अंगणवाडीसारखे व्हावे असा घ्यायचा की अंगणवाडीने पहिलीसारखे व्हावे असा, हे कोण ठरवणार? माझा अनुभव असा, की ज्या खात्याकडे जास्त पगार असतो, त्याच्यासारखे दुसऱ्याला व्हावे लागते.

उसाचा फड

बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे, अठरा वर्षे झाली. सगळी चर्चा वाचली. पगाराचा विषय निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजू मांडते.

आम्हाला पगार नसतो, मानधन असते. केंद्राचा वाटा ऑक्टोबर 2018 मध्ये सेविकेसाठी महिना 4,500 आणि मदतनिसासाठी 2,250 रुपये झाला. त्यावर राज्य आपली भर घालते. या मानधनात आम्ही गरोदर मातेच्या घरी जातो, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करतो, वजने-उंच्या घेतो, सर्वेक्षणे करतो. पूर्वी अकरा नोंदवह्या होत्या, आता मोबाइलवरचे पोषण ट्रॅकर आहे. नेट गेले की मी टेकाडावर जाऊन उभी राहते आणि खोलीत मुले मदतनिसाच्या हवाली असतात. मग ताई ज्या तासाविषयी बोलतात, तो गोष्टीचा तास कुठून येणार? मुलाला हक्क द्यायचा आणि तो ज्या बाईच्या हातून पोचायचा, तिला मानसेवी म्हणायचे, हे एकत्र कसे चालेल, हे मला कळत नाही.

4 डिसेंबर 2023 पासून आम्ही संपावर होतो, जानेवारीअखेरपर्यंत. त्या काळात गावातल्या एका आजीने मला रस्त्यात अडवून विचारले, ‘तुमचं भांडण सरकारशी, मग माझ्या नातवाचा भात का बंद?’ तिला मी उत्तर दिले नाही. तिचे बरोबर होते आणि माझेही चूक नव्हते.

आता स्थलांतराचे सांगते. आमच्याकडे दसऱ्यानंतर ऊसतोडीला टोळ्या जातात, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे आणि कर्नाटकातही. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. तान्हे मूल असले, तरी कोयता पूर्ण भरावा लागतो. मागच्या हंगामात माझ्या पटावरच्या 38 मुलांपैकी 21 मुले गेली. त्यांतल्या एका मुलीची आई परत आल्यावर म्हणाली, की कारखान्याच्या गावात अंगणवाडी होती, पण ‘तुमचं नाव इथं नाही’ असे सांगून मुलीला दारातून परत पाठवले. मी त्या सेविकेला दोष देत नाही. तिला तिच्या पटाप्रमाणेच शिधा येत असणार. नाव मुलाबरोबर चालत नाही, शिधाही चालत नाही. यंदा टोळी निघण्याआधी मी प्रत्येक आईला साध्या कागदावर मुलाचे नाव, जन्मतारीख, शेवटचे वजन आणि झालेल्या लसी लिहून, खाली अंगणवाडीचा शिक्का मारून दिला आहे. असा कागद द्यायला मला कोणी सांगितलेले नाही.

कलम-दवात

आपल्या मानधनाच्या मुद्द्याला जोडून एक निकाल सांगतो, कारण तो धाग्याच्या मूळ प्रश्नाला थेट भिडतो. 25 एप्रिल 2022 रोजी गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू होतो, असे ठरवले. न्यायमूर्ती ओक यांच्या निकालपत्रात असे म्हटले आहे, की अंगणवाडीत तीन ते सहा वयोगटासाठी चालणारे काम हे निव्वळ शैक्षणिक काम आहे, शिकवण्याचे काम सेविका आणि मदतनीस करतात, आणि राज्य हे शाळापूर्व वर्ग शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 11 अन्वये चालवते.

म्हणजे ज्या कलमात नुसते ‘करू शकेल’ आहे, त्याच कलमाच्या आधाराने बायकांना त्यांचे उपदान मिळाले. शिवाय ताईंच्या प्रसंगातली ती तांदूळ निवडणारी मदतनीस न्यायालयाच्या लेखी शिकवणारी ठरते, हेही नोंदवून ठेवावे असे वाटते.

डोंगरपायथा

हे मला माहीत नव्हते. ती मदतनीस मात्र हा निकाल येण्याआधीच, हाती फारसे काही न पडता निवृत्त झाली.

कानगोष्ट

थोडा वेगळा पदर मांडतो. माझ्या मुलीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. तीन वर्षांची असताना तिला घराजवळच्या एका बालवाडीत घातले. वर्षभर प्रत्येक पालकसभेत एकच वाक्य ऐकले: ‘फार गुणी मुलगी आहे, अजिबात त्रास देत नाही.’ आम्हीही खूश होतो. ती इतरांकडे पाहून टाळ्या वाजवत असे, रांगेत उभी राहत असे, डबा संपवत असे. एके दिवशी गावी माझ्या बहिणीने तिच्या पाठीमागे पितळी ताट पाडले, आणि घरातले सारे दचकले, ही सोडून. ते वर्ष परत मिळत नाही. भाषा घडण्याचे ते वय असते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले.

अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा तपासणी करायची असते. मुलगी खासगी बालवाडीत असल्यामुळे त्या पथकाच्या वाटेवर आलीच नाही. नंतर कायदा वाचला, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षे वयात दिला आहे. पुन्हा तोच सहाचा आकडा. ज्या मुलाला सर्वांत लवकर हात द्यायला हवा, त्यालाही रांगेत सहाव्या वर्षापर्यंत थांबवले आहे.

बाळबोध

आपला प्रतिसाद वाचून काल रात्री झोप लागली नाही. आमच्याकडेही एक ‘गुणी’ मुलगा आहे. आज सकाळी गाणे म्हणत असताना मी मुद्दाम त्याच्या मागे जाऊन घंटा वाजवली. त्याने वळून पाहिले. पण मी हे आठ महिन्यांत प्रथमच केले, हे कबूल करते. आमच्यासारख्या खासगी बालवाड्यांची वर्षानुवर्षे कुठेही सक्तीची नोंदणी होत नव्हती, म्हणून तपासणी पथकाच्या यादीत आम्ही नाही. आजवर मला हे स्वातंत्र्य वाटत होते.

पाचवा मजला

माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता. करदात्याचा मुद्दा मी सोडलेला नाही. परंतु आमच्या सोसायटीच्या शेजारच्या इमारतीचे बांधकाम दोन वर्षे चालू होते आणि तिथली मुले वाळूच्या ढिगावर दिवसभर असत. आम्ही तक्रार केली होती, ती त्यांच्या आवाजाची.

गवंडीकाम

पुण्याबाहेर एका मोठ्या गृहप्रकल्पावर अभियंता आहे. आजवर फक्त वाचत होतो, पण वरच्या प्रतिसादामुळे लिहितो आहे.

आमच्या जागेवर पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प आहे. मजूर मराठवाड्यातले, विदर्भातले, बिहार, ओडिशा आणि छत्तीसगडचेही आहेत. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील, तर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची खोली देण्याची अट होती. आमच्या हजेरीवर स्त्रिया 50 च्या खालीच राहत आल्या, कारण त्या वेगवेगळ्या ठेकेदारांच्या पटावर विभागलेल्या आहेत. हे मुद्दाम होते की आपोआप, याविषयी मी इथे बोलणार नाही. मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर सुरू केले, हे मी कुठेतरी वाचले होते. आमच्या कंत्राटाच्या अंदाजपत्रकात मात्र त्याचा रकाना नसतो.

वकीलसाहेबांनी 40 मुलांची अट लिहिली, म्हणून काल संध्याकाळी कॅम्पमध्ये एक फेरी मारून मुले मोजली. सहाच्या खालची 36 भरली. चार कमी पडतात. काही करता येईल का?

डोंगरपायथा

आपण कोणती मुले मोजलीत? धावणारी, खेळणारी, की सर्व? अट सहा वर्षांखालील मुलांची आहे, तीन ते सहा वयाच्या मुलांची नाही. प्रत्येक खोलीत आत डोकावून, छताच्या पाइपला बांधलेल्या झोळ्या मोजल्या आहेत का? मोजणी रात्री आठनंतर करावी, कारण काही आया तान्ह्या मुलाला कामाच्या मजल्यावर घेऊन जातात. यादीत नाव, वय, आईचे नाव आणि मूळ गाव लिहा. भाषेचाही रकाना ठेवा. अंगणवाडी मिळाली, तर मदतनीस कोणती भाषा बोलणारी हवी, हे त्यावरून मागता येईल.

उसाचा फड

आणि त्यांच्याजवळ गावाकडच्या अंगणवाडीचा काही कागद असेल, तर तोही पाहा. असला तर मला कळवा.

गवंडीकाम

रात्री पुन्हा गेलो. झोळीत सात होती, आणि दोन मुले तापाने आत निजलेली होती, ती आदल्या दिवशी दिसलीच नव्हती. एकूण 45. गावाकडचा कागद कोणाजवळही नाही. दोन आयांकडे लसीकरणाचे कार्ड आहे. यादी करून, 19 आयांच्या सह्या आणि अंगठे घेऊन, आज दुपारी अर्ज संबंधित कार्यालयात दिला. अर्ज ठेवून घेतला आहे. आवक शिक्का मारून प्रत उद्या देतो, असे म्हणाले.

डोंगरपायथा

उद्यावर राहू नका. कार्यालय सव्वासहापर्यंत उघडे असते आणि आवक नोंदवही तिथेच टेबलावर असते. परत जाऊन क्रमांक आणि आजची तारीख घालून घ्या. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.